चाराला एक

रात्री झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी आईचा दुपारनंतरचा चहा आणि कॉफी दोन्ही बंद केलं. डीकॅफ कॉफीतही थोडं कॅफीन उरतंच, त्यामुळे तीही नको झाली. त्याच सुमारास गिरगावातल्या एका काकूंकडे संध्याकाळी कषाय प्यायले. काकूंचं माहेर कारवारचं. पेल्यावर फेस, रंग दुधाळ कॉफीचा आणि वास भाजलेल्या धन्यांचा. हे होताना बघायला हवं, असं पहिल्याच घोटाला वाटलं आणि काकू धने भाजणार होत्या त्या दिवशी मुद्दाम गेले.

कारवार, मंगळूर, गोव्याकडच्या सारस्वत घरांत कषायाची पूड बरणीत असते. तयारही मिळते, पण काकू ती आणत नाहीत. त्यांचं माप तोंडपाठ आहे : "चाराला एक." चार वाट्या धने, एक वाटी जिरे. बडीशेप, मिरी, सुंठ, वेलची, ज्येष्ठमध यांचं प्रमाण घराघरांत कमीजास्त होतं. चाराला एक मात्र सासूबाईंपासून तसंच चालत आलंय.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. धने जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर. आधी लिंबाच्या सालीसारखा वास येतो. काकूंचा उलथनं धरलेला हात थांबत नव्हता. बराच वेळ काहीच घडत नाही असं वाटतं आणि मग एकाएकी वास फिरतो. लिंबाची धार बोथट होते, खालून खमंग, किंचित कडसर असं काहीतरी वर येतं. काकूंनी तेवढ्यात कढई उतरवली. धन्यांचा रंग जेमतेम एक छटा गडद झाला होता.

"रंगाची वाट बघशील तर उशीर होईल," त्या म्हणाल्या. "नाकाने भाज."

यामागचं कारण साधं आहे. धन्याच्या सुवासाचं मुख्य द्रव्य लिनालूल, आणि ते उडून जाणारं. जास्त भाजलं तर ते कढईतूनच निघून जातं. कमी भाजलं तर कॉफीची आठवण करून देणारा खमंगपणा तयारच होत नाही. या दोहोंच्या मधल्या काही क्षणांत सगळं कसब आहे, आणि मला तरी तो फिरणारा वास त्यानंतर कितीदा तरी आठवत राहिला.

मेथी चाराला एकच्या हिशेबात येत नाही. एवढ्या धन्यांना एक लहान चमचा पुरतो, तांबूस भाजलेला. कॉफीत हवासा वाटणारा कडूपणा इथे तीच देते. सगळं गार झालं की मिक्सरवर दळून चाळायचं.

कपभर पाण्यात चमचाभर पूड तीन-चार मिनिटं उकळायची. गूळ पाण्यातच विरघळवायचा, आच बंद करायची आणि मग गरम दूध घालायचं. दुधासकट गूळ उकळला तर दूध फाटायची भीती असते. नंतर गाळून एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात उंचावरून ओतायचं. चार-पाचदा ओतलं की फेस धरतो. त्याला यंत्र लागत नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहारविषयक मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलिटर ब्रूड कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असतं, चहात ३० ते ६५. कषायात ते मुळीच नाही. पण म्हणून त्याला कॉफीचा पर्याय म्हणणं मला पटत नाही. काकूंच्या घरी सकाळी फिल्टर कॉफी होते आणि संध्याकाळी कषाय. कुणी एकीची उणीव दुसऱ्यात शोधत नाही. आईही आता संध्याकाळी कषायच मागते, चहाचं नाव काढत नाही.

करून बघायचा असेल तर माप तेच ठेवा, चाराला एक, पण वाटी लहान घ्या. दळलेल्या पुडीचा वास दिवसागणिक उतरतो. पंधरा दिवस पुरेल एवढीच करावी आणि संपली की पुन्हा भाजावी. त्या भाजण्याचा कंटाळा केला नाही, तरच हा कषाय काकूंसारखा होतो.