कातळाला चिकटलेली टोपी

नाणेघाटात किंवा लेण्याद्रीला काळ्या दगडात वाटोळे खळगे, पांढरे ठिपके दिसले की कुणीतरी हमखास म्हणतं, "हे शंख-शिंपले. इथं पूर्वी समुद्र होता." तसं नाही. जुन्नर-आंबेगावचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढं काहींत झिओलाइटसारखी खनिजं साचली.

खरी चिकटलेली कवचं बघायची तर घाट उतरून कोकणात जावं. हाच काळा दगड तिथं समुद्रात शिरतो आणि ओहोटीला त्यावर लिंपेट दिसते. बसकी टोपी, लंबगोल कड, शेंड्यापासून चहूकडे उतरलेल्या रेघा. रंग कातळासारखाच, त्यामुळं नजर सरावेपर्यंत दिसतही नाही. बघणाऱ्याला वाटतं, शिंपल्याची अर्धी झडप चिकटून राहिली आहे. पण ही गोगलगाय आहे. तिचं कवच एकच, वेटोळं नसलेलं.

ती जागची हलत नाही, हेही खरं नाही. पाणी आलं की ती सरकते, दगडावरचं शेवाळ खरवडून खाते. लिंपेटच्या दातांत गोएथाइट हे लोहखनिज असतं. पाणी ओसरलं की रुंद पायानं पक्की बसते आणि कवचाखाली ओल धरून उन्हात तगते. बोटानं, चाकूनं उचकटली तर पाय फाटून मरते.

टोपीसारखी दिसते ती प्रत्येक लिंपेटच, असंही नव्हे. शेजारीच सायफोनेरिया असते. तिच्या कवचाची एक बाजू किंचित फुगीर असते. ती हवेत श्वास घेते आणि नात्यानं जमिनीवरच्या गोगलगायींना जवळची आहे.

आणि मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट: समुद्री कुळातली गोगलगाय डोंगरावर राहत नाही, हा समजही चुकीचा आहे. किनाऱ्याच्या कातळावर लिंपेटच्या शेजारी राहणाऱ्या लिटोरिनांच्या कुळातली क्रेम्नोकोंकस ही प्रजाती फक्त सह्याद्रीत सापडते. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी 1863 मध्ये तिच्यातल्या एका जातीला सह्याद्रीचंच नाव दिलं, सह्याड्रेन्सिस. लाटांचे तुषार सोडून ती धबधब्याचे तुषार झेलते. लिटोरिनांच्या कुळात गोड्या पाण्यात राहणारी ही एकमेव प्रजाती. कवच वेटोळं, जेमतेम सेंटिमीटरभर. 2013 च्या अभ्यासात महाराष्ट्र-कर्नाटकात मिळून तिच्या नऊ जाती नोंदल्या गेल्या.

पावसाळ्यात माळशेज, नाणेघाट, भीमाशंकरला जाल तेव्हा निथळत्या कातळाकडे वाकून बघा. बारीक कवच दिसलं तर फोटो काढा, पण ते दगडावरून काढू नका.