चलनवाढ : एक अदृश्य कर

महर्घता व्यापाऱ्यांच्या लोभानें येते, असा सामान्य समज आहे. परंतु लोभ पुरातन. तो एकाएकीं कोटिपट वाढत नाहीं. १९१४ सालीं एका अमेरिकन डॉलरला सुमारें ४.२ जर्मन मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्यें ४ लक्ष २० सहस्र कोटि पडूं लागले. कारण, सरकारनें आपली तूट नोटा छापून भरली. ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ लुडविग फॉन मीझेस यांनीं दाखविलें कीं, नवी नोट प्रथम ज्याच्या हातीं पडते तो जुन्या भावानें खरेदी करतो. शेवटीं ज्यास मिळते तो नाडला जातो. जर्मनींत रोख्यांत व ठेवींत पुंजी ठेवणाऱ्या वृद्धांचें आयुष्यभराचें संचित असेंच लयास गेलें. हा एक करच होय. इतर करांची कायदेमंडळांत चर्चा तरी होते, याची नाहीं. म्हणून सुज्ञ गृहस्थानें आपली शिल्लक रुपयांत नव्हे, धान्यांत मोजावी.