होडीसाठी जी.पी.एस. घेताना

इलेक्ट्रॉनिक्सला ऍडमिशन मिळाली की सगळे ओळखीचे लोक आपल्याला रिपेअरवाला समजायला लागतात. माझं मिक्सर, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्स सगळं झालं. यंदा एका मित्राच्या बाबांनी विचारलं, "होडीवर जी.पी.एस. बसवायचाय, स्वस्तातला कुठला घेऊ?" काका वेसाव्याचे. (अंधेरीकर ज्याला वर्सोवा म्हणतात तेच.) माझी शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे तांडेल म्हणजे होडीचा कप्तान हा शब्दसुद्धा मला काकांकडूनच कळला. पण प्रश्न आमच्या सिलॅबसमधला होता, म्हणून मनावर घेतला.

दुकानात ज्याला चार्टप्लॉटर म्हणतात तो म्हणजे जी.पी.एस. रिसिव्हर, समुद्राचा नकाशा आणि स्क्रीन, एकाच डब्यात. रिसिव्हर सुमारे २०,२०० कि.मी. उंचीवरच्या उपग्रहांचे सिग्नल पकडतो आणि ते पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. घड्याळात एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरची चूक. म्हणूनच तीनऐवजी किमान चार उपग्रह लागतात. चौथा आपल्या स्वस्त घड्याळाची चूक काढून टाकतो. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी सिग्नल मुद्दाम बिघडवून द्यायची आणि चूक १०० मीटरपर्यंत जायची. ते बंद झाल्यापासून उघड्या समुद्रात साधा रिसिव्हरही पाच-दहा मीटरमध्ये जागा सांगतो. तेव्हा दुकानदार "साहेब, हा जास्त ऍक्युरेट" म्हणून जास्त पैसे मागू लागला तर सरळ पुढच्या दुकानात जा.

मग महाग आणि स्वस्त यात फरक कशाचा? मुख्यतः स्क्रीनचा आणि नकाशाचा. आणि नकाशाबद्दल माझं मत जरा वेगळं झालंय.

आपल्या समुद्राचे अधिकृत नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. नकाशातले खोलीचे आकडे साधारण सर्वांत खालच्या ओहोटीचे असतात. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी त्याच्यावर पावणेपाच-पाच मीटरपर्यंत चढतं. खडक जागा सोडत नाहीत, त्यामुळे ते नकाशात बघावेत. पण वेसावे आणि मढच्या मधल्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो, वाळूचे बांध सरकतात. मागच्या सर्व्हेच्या वेळी जिथे वाट होती तिथे आज ती असेलच असं नाही, आणि स्क्रीनवर मात्र निळ्या रंगात छान वाट दिसत राहते! इथे होडी रुतली आणि वर लाट आली तर काय होतं ते वेसाव्यात कुणालाही विचारा.

म्हणजे रोज त्याच पाण्यात जाणाऱ्या माणसाला कंपनीच्या नकाशापेक्षा स्वतःचा ट्रॅक जास्त कामाचा. चांगल्या भरतीला बाहेर पडताना ट्रॅक चालू ठेवायचा, परतताना त्याच रेषेवरून यायचं, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा नवीन काढायचा. डोल जाळ्याचंही तेच. ही जाळी समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना बांधतात, म्हणजे जागा ठरलेली. जुनी माणसं किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून ती शोधत. धुक्यात किंवा पहाटेच्या अंधारात खुणा दिसत नाहीत, तेव्हा साठवलेला पॉइंट उपयोगी पडतो.

गार्मिनच्या स्ट्रायकरसारख्या सेटमध्ये तयार नकाशा नसतोच; कोऱ्या स्क्रीनवर आपले पॉइंट आणि ट्रॅक तेवढे दिसतात. त्यात फिशफाइंडर मात्र असतो, म्हणजे खोली कळते. ध्वनी पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, दोन मीटर खोलीचा प्रतिध्वनी तीन मिलिसेकंदांच्या आत परत येतो. फक्त लक्षात ठेवा, ती खोली होडीच्या खालची, पुढची नाही. सेन्सर कुठे बसणार हेही आधी ठरवा. फायबरच्या होडीत तो आतून चिकटवता येतो, लाकडाच्या होडीत नाही. लाकडातून सिग्नल नीट जात नाही, त्यामुळे मागच्या फळीवर बाहेरून लावावा लागतो. नवख्या बंदरात जाणाऱ्याने मात्र नकाशावालाच सेट घ्यावा. तेव्हा नकाशाचं कार्ड आणि सेन्सर किमतीत धरलेत की वेगळे, ते विचारा. "स्वस्त" सेट इथेच महाग होतो.

आता एक गोष्ट जी पैशांची नाही, सेटिंगची आहे, पण सगळ्यांत धोक्याची. एकाचा सेट १९ अंश ०८.४० मिनिटं दाखवतो, दुसऱ्याचा अंश-मिनिटं-सेकंद. पहिल्याने वायरलेसवर "एकोणीस, आठ, चाळीस" सांगितलं आणि दुसऱ्याने ते ४० सेकंद धरले, तर फरक १६ सेकंदांचा, म्हणजे जवळजवळ ५०० मीटर. बंद पडलेली होडी रात्री शोधताना ५०० मीटर खूप झाले. बरोबरच्या सगळ्या होड्यांनी एकच पद्धत लावलेली बरी.

बाकीचं पटकन सांगते. सेट दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघू नका, बाहेर उन्हात न्या. ओल्या हाताने टचस्क्रीन वेड्यासारखी वागते, बटणंच बरी. आय.पी.एक्स.७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. त्याखालचं घेऊ नका. पाच इंची सेट १२ व्होल्टवर अर्धा ते एक अँपिअर खातो, त्यामुळे दहा तासांना दहा अँपिअर-अवर धरा. इंजिन स्टार्ट करताना व्होल्टेज पडून सेट रीस्टार्ट होतो, म्हणून जमल्यास बॅटरी वेगळी. फ्यूज मात्र बॅटरीजवळच हवा. होडी थांबलेली असताना स्क्रीनवरचा बाण कुठेही फिरतो, कारण तो दिशा चालीवरून काढतो. साधं चुंबकी होकायंत्र काढून टाकू नका. पॉइंट मेमरी कार्डवर काढता येतात का तेही विचारा, आणि तरीही वहीत लिहून ठेवा.

मोबाइल का नाही, हा होस्टेलमधला ठरलेला प्रश्न. मोबाइलचा जी.पी.एस. नेटवर्कशिवाय चालतो, नकाशा आधी उतरवून ठेवला तर तोही दिसतो. पण ऊन, खारं पाणी आणि बॅटरी, तिन्ही त्याच्या विरुद्ध. दुसरा पर्याय म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत असू द्या.

आणि परदेशातून कुणी "सॅटेलाइटवरून मेसेजही जातो" असा जी.पी.एस. आणून देत असेल तर नको म्हणा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. मासेमारी होड्यांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या सरकारी योजनेतला ट्रान्सपॉन्डर त्यासाठीच आहे. होडीचा नंबर घेऊन मत्स्यव्यवसाय विभागात त्याची चौकशी करायची.