रात्रीच्या ट्रेकला कोणता हेडलॅम्प घ्याल?
कळसूबाईच्या (१६४६ मीटर) लोखंडी शिड्या रात्री चढताना दोन्ही हात मोकळे हवेत; मोबाइलचा टॉर्च तिथे निरुपयोगी. हेडलॅम्प घेताना खोक्यावरच्या ल्युमेनच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. मळलेल्या वाटेला २०० ते ३०० ल्युमेन पुरतात. तेवढ्या उजेडात बॅटरी किती तास टिकते, हे दुकानदाराला आधी विचारा. पावसाळ्यासाठी किमान आयपीएक्स ४, म्हणजे चहूबाजूंनी उडणारे पाणी सोसणारा दिवा हवा. लाल दिव्याची सोय असेल तर उत्तम. अंधाराला सरावलेले डोळे त्याने दिपत नाहीत, सोबत्यांचेही. धुक्यात मात्र कपाळावरचा झोत उलटा डोळ्यांवर येतो आणि समोर नुसता पांढरा पडदा दिसतो. अशा वेळी, शिडी नसेल तिथे, दिवा काढून कमरेजवळ हातात धरा. जादा सेल किंवा पॉवर बँक सॅकमध्ये असू द्या.