कणेरीचं सिमेंटचं गाव

कोल्हापूरहून पुणे-बंगळुरू महामार्गाने निघालं की गोकुळ शिरगावजवळ कणेरीचा फाटा येतो. तिथल्या काडसिद्धेश्वरांच्या प्राचीन मठाच्या आवारात एक अख्खं गाव वसलेलं आहे, आणि त्यातली सगळी माणसं सिमेंटची आहेत. सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय म्हणतात ते हेच. अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामींच्या पुढाकारातून ते उभं राहिलं.

आधी ऋषींची गुहा, मग उघड्यावर गाव. लोहाराचा भाता, कुंभाराचं चाक, मोट ओढणारे बैल, झाडाखाली गिऱ्हाईकाची दाढी करणारा न्हावी, दारात उभा वासुदेव. माणसाच्या उंचीच्या या मूर्तींमधली कारागिरी बघावी ती बारकाव्यांत: पिंढरीच्या ताणलेल्या शिरा, धोतराचा खोचा, म्हातारीच्या गालावरच्या सुरकुत्या. शाळेच्या सहलीतली पोरं बैलांना हात लावून बघतात आणि सोबतची आजी मोट कशी चालायची ते सांगत सुटते. तेवढं बोलायला तिला एरवी कोण विचारतं?

सहलीसाठी मनोरंजन उद्यानंही असतात, पण त्यांचा धंदा अवघड असतो. खालापूरजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये थाटात सुरू झालं, कर्जाच्या ओझ्याखाली वाकलं आणि २०२२ मध्ये मालपाणी समूहाकडे गेलं. यांत्रिक खेळ महाग, त्यांची देखभाल महाग, आणि खेळ जुना झाला की नवा आणावा लागतो. कणेरीच्या गावात विजेवर फिरणारा पाळणा नाही. इथलं भांडवल म्हणजे गोष्ट, आणि ती ऐकायला नातवंडांना घेऊन माणसं पुन्हा येतात. गोष्टीची किंमत डिस्नेने फार आधी ओळखली होती. कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं १९५५ मध्ये, पण मिकी माउसच्या घड्याळांवर कंपनी परवान्याचे पैसे १९३० च्या दशकापासूनच कमवत होती.

मग कणेरीत जी गोष्ट सांगितली जाते, ती कोणाची? बलुतेदारांची. म्हणून एक उणीव मला फार टोचते. या गावात सगळे गुण्यागोविंदाने नांदतात. बलुत्यासाठी खळ्यावर ताटकळणं, वेठबिगार, वेगळा पाणवठा यांचा भार या चित्रात जाणवत नाही. आणि हे कोल्हापूर आहे! राजर्षी शाहूंनी १९१८ मध्ये महार वतनं रद्द केली ती याच मातीत. त्या हुकुमाचा देखावा या गावात दिमाखात उभा राहायला हवा. त्याने गावाची शोभा कमी होणार नाही, उलट गोष्ट पुरी होईल.

दुसरी गोष्ट पैशाची. सिमेंटच्या चांभाराला मजुरी लागत नाही. कोल्हापुरातल्या सुभाषनगर-जवाहरनगरच्या जित्या कारागिराला लागते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. म्हणजे या आठ जिल्ह्यांबाहेर बनलेल्या चपलेला कायद्याने ते नाव लावता येत नाही. मिकीच्या परवान्यासारखाच हा हक्क, फक्त तो एका कंपनीचा नसून हजारो हातांचा आहे. तरीही जून २०२५ मध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर तसल्याच चपला कोल्हापूरचं नावही न घेता दाखवल्या. इथून ओरड झाली, तेव्हा कुठे मूळ मान्य झालं. प्राडाला जाब विचारणारे आपण आपल्या दारातल्या कारागिराला काय देतो, हेही विचारायला हवं.

माझी मागणी साधी आहे. पर्यटनस्थळ कणेरी असो, पन्हाळा असो की रंकाळा, तिथल्या दुकानात कारागिराचं नाव आणि गाव लिहिलेली वस्तू असावी आणि तिच्या किमतीतला ठरलेला वाटा थेट त्याच्या हाती पडावा. कणेरीला जाल तर अर्धा दिवस काढून जा, मूर्ती निवांत बघा. परतताना शहरात थांबून कातडी चपलेचा एक जोड घ्या, आणि घेताना तो कोणी शिवला ते दुकानदाराला विचारा.