किंडरगार्टनच्या आधी, चर्चच्या बालवाडीत

अमेरिकेत मूल पाचव्या वर्षी किंडरगार्टनला जाते. अनेक राज्यांत १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण व्हावी लागतात. सरकारी शाळेत हे वर्ष मोफत. त्याआधीची वर्षे मात्र बऱ्याच ठिकाणी पालकांच्या खिशातून जातात. म्हणून चर्चच्या आवारात भरणारी, बहुधा अर्ध्या दिवसाची बालवाडी पुष्कळांना सोयीची वाटते. अमेरिकेतल्या काही मराठी घरांतली मुलेही तिथे जातात.

शाळेची तयारी म्हणजे एबीसीडी, असे आपण धरून चालतो. या बालवाडीतल्या बाई मात्र आधी पाहतात की मूल आईचा हात सोडून रमते का, शू-शी सांगून एकटे जाते का, जाकिटाची चेन लावते का, डबा उघडते का. कात्री धरणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, ‘दप्तर अडकव आणि सतरंजीवर बस’ अशा दोन सूचना एका दमात पाळणे, हे खरे कठीण धडे. यमकाची बडबडगाणी भरपूर असतात, कारण शब्दांतले ध्वनी सुटे ऐकू येऊ लागले की वाचन सोपे जाते. नाव लिहिणे आणि अंक ओघाने येतात.

खाऊपूर्वी प्रार्थना, बायबलमधल्या गोष्टी आणि अनेक ठिकाणी आठवड्यातून एकदा चॅपल, म्हणजे मुलांची छोटी प्रार्थनासभा, हा धार्मिक भाग. नोहाच्या नावेतले प्राणी जोडीजोडीने येत असल्याने मोजणीही उरकते!

फ्लोरिडा, इंडियाना अशा काही राज्यांत धार्मिक संस्थांच्या बालवाड्यांना नेहमीच्या सरकारी परवान्यातून सूट मिळू शकते. म्हणून प्रवेशाआधी परवाना, शिक्षिकांचे प्रशिक्षण आणि वर्गातली मुलांची संख्या जरूर विचारा.