जुनी गाडी, नवे ब्रेक

लग्नाच्या वरातीला जुनी पद्मिनी किंवा अँबॅसिडर हवी, ही हौस अलीकडे पुन्हा आली आहे. अशा गाड्या उभ्या करण्याचे काम गडहिंग्लजच्या काय किंवा कोल्हापूरच्या काय, गॅरेजात आपलीच पोरे करतात आणि सजविलेल्या गाडीत बसतात तेही आपलेच पाहुणे. तेव्हा हा विषय श्रीमंतांच्या हौसेचा म्हणून आम्ही सोडून देत नाही.

मालक सांगतो, "सगळे कंपनीचेच पाहिजे." रंग, डॅशबोर्ड, स्टिअरिंगजवळचा गियरचा दांडा जरूर जुना ठेवावा, शोभा त्यातच आहे. परंतु कुर्ल्यात 1964 पासून निघालेल्या फियाट 1100 ला, म्हणजेच पुढच्या पद्मिनीला, चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. आंबोलीचा घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतो आणि पकड सुटत जाते. अनेक जुन्या गाड्यांत ब्रेक ऑईलचा मार्गही एकच. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. म्हणून नळ्या, रबरी वायसर, वायरिंग, टायर यांत जुन्याचा हट्ट नको. तीन ठिकाणी बांधलेला सीटबेल्ट जगात 1959 पासून आहे. तो बसवावा, पण गंजक्या पत्र्यात नुसता स्क्रू पिळून नव्हे. मागून जाड पट्टी लावून.

आणखी एक गोष्ट, जी मालकाच्या ध्यानीही नसते. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडून पोरगा हवेच्या पाईपने धूळ उडवितो, ती त्याच्याच फुफ्फुसात जाते आणि रोग वीस-तीस वर्षांनी उठतो. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ती अडत नाही. ड्रम ओल्या फडक्यानेच पुसावा व फडके पिशवीत बांधून टाकावे.

आता कायदा. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेल्या गाडीला 'व्हीए' क्रमांक मिळतो, फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. गाडी प्रदर्शन-रॅलीपुरतीच, रोजच्या वापराला किंवा भाड्याला नाही, म्हणजे वरातीच्या भाड्यालाही नाही. म्हणून काहीही कापू नये, आहे त्याच भोकांत नवा भाग बसवावा, काढलेला भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवावा आणि बदलाआधी आरटीओत विचारावे.

बिल जड झाले की मालक आधी ब्रेक आणि बेल्टच कापतो. फिटरने हे दोन आकडे पहिल्याच अंदाजपत्रकात लिहून सही घ्यावी.